टिक्कीची फॅट

८ जानेवारी
पाणी म्हणे घालतो आम्ही! दापोऱ्याच्या डेअरीवर, अख्ख्या रांगेसमोर! आमच्या टिक्की गायीच्या दुधाची फॅट पुन्हा कमी आली आणि मशीनवरचा पंडित म्हणाला, "भाभी, मशीन झूठ नाई बोलत." म्हटलं, गोठ्यात ये, तुझ्यासमोर धार काढू. धार काढतात सासूबाई, बोलणी खाते मी. यापुढे नाही खाणार.

९ जानेवारी
पंडित आला नाही. येणार नव्हताच, तोंडाचा शूर. भूषण जेवताना म्हणाला, "आपल्या घरात कोनी पानी घालत नाई. म्हणजे गायच खराब. सोमवारी बाजारात नेतो." नवरा आहे की व्यापारी?

१०
गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. टिक्कीची आई गावरान निमाडी, बाप विलायती एचएफ, दूध जास्त पण पातळ. म्हणाले, संकरित गायींचं असंच — कोणी आईवर जातं, कोणी बापावर. सख्ख्या बहिणींच्या दुधातसुद्धा फरक पडतो. भूषणला सांगितलं. "मंग बापावर गेली. विकून टाकू." अरे, मी आणि पूनम एकाच आईच्या. ती गोरी, मी सावळी. मला नेलं का कोणी बाजारात? सासूबाई हसल्या, पण टिक्कीच्या बाजूनं एक शब्द नाही. तिच्या वासरीला खाजवत बसल्या. फार राग आला त्यांचा.

११
टिक्की जाणार नाही. बस.

१२, रविवार
सासूबाई सकाळीच शनवारा मोहल्ल्यात, नणंदेकडे गेल्या. धार मी काढली. इरेला पेटून काढली, थेंब उरू दिला नाही. आणि फॅट चढली! पंडितनं दोनदा तपासली. भूषण खूश — विकणं कॅन्सल, रोज अशीच काढ.

घरी आले तर वासरी रिकाम्या सडांना ढुशा देत होती. तेव्हा कळलं. शेवटच्या धारा सगळ्यात दाट असतात, आणि सासूबाई नेमक्या त्याच तिला सोडतात.

संध्याकाळी विचारलं, लोक आपल्याला चोर म्हणत होते, तरी गप्प कशा राहिलात?

"बोलली असती त भूषणनं वासरीचं बंद केलं असतं. मागची अशीच वाळून गेली, ज्योत्स्ना. लोकाइले म्हनू दे."

मला वाटायचं, त्यांना टिक्कीचं काही नाही. लाज वाटली.

१३ जानेवारी
शेवटच्या धारा वासरीला सोडल्या. फॅट घसरली. पंडितनं वर पाहिलं. मागे भूषण उभा होता. मी म्हटलं, गाय चांगली आहे. पाणी मीच घालते.