म्हशीची शिकवणी

ईट, ता. ८ जुलै १९८४

प्रिय मामंजी,

सासऱ्यांना पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' घालावं आणि खाली शिरसाष्टांग नमस्कार ठोकून मोकळं व्हावं, एवढी रीत मला ठाऊक आहे. पण लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तुम्ही माझ्याशी समोरासमोर एक शब्द बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. सासरा-सुनेची मर्यादा ती. मग आज पहिलाच शब्द इतका लांबचा कशाला लिहू? नमस्कार आहेच. सास्तूरला वन्सं तुमच्या भाकरीवर तूप जास्त घालत असतील आणि खोकल्याचं औषध द्यायला विसरत असतील, हे मी इथून सांगते. आत्याबाईंचा गुडघा बरा आहे. पेरणी उरकली. म्हैस व्याली, रेडी झाली.

म्हशीचा विषय निघालाच आहे तर आता मागचं सगळं बोलू द्या.

मी या घरात आले ती मॅट्रिक नापास होऊन. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. पेपरात 'द वॉटर रॅन आउट' असं वाक्य होतं आणि त्याचं मराठी मी 'पाणी पळत बाहेर गेलं' असं ठोकून दिलं होतं. हे आत्याबाईंना सांगताना मी रडत होते, त्या हसत होत्या आणि ओट्यावर बसून तुम्ही ऐकत होता, याचा मला पत्ताच नव्हता. मग बहात्तर साल आलं. आडाचा तळ दिसायला लागला. जनावरं छावणीत धाडली, एक दुभती म्हैस तेवढी आत्याबाईंनी हट्टानं दारात ठेवली. मी आणि हे रोज रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. वाशीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांची सून खडी फोडते याचं गावाला नवल वाटलं नाही, कारण त्या साली ज्याच्या हातात बळ होतं तो खडीच फोडत होता.

एका संध्याकाळी तुम्ही ओट्यावर म्हशीकडं तोंड करून बसलात आणि वर्गात लावायचा तसा आवाज लावलात. "हां, गौर करा. आज 'लागणे'." मी आत भाकरी थापत होते. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, उचकी लागते, माणूस कामाला लागतो. लागणं एकच, पण संगत बदलली की त्याची चाल बदलते. इंग्रजांचंही तसंच, त्यांच्या 'रन'ला 'आउट' भेटला की तो पळत नाही, संपतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, पाण्याचाही आणि धडा कुणासाठी चाललाय त्याचाही. तुम्ही बोलायचे थांबलात. कळलं का, असं विचारत होता, पण मी सांगू कशी? हाताशी पळी होती, ती पातेल्यावर एकदा वाजवली. तुम्ही पुढं गेलात. दुसऱ्या दिवशी अडलं तेव्हा दोनदा वाजवली, तर तुम्ही तेच पुन्हा सांगितलंत. कुणी न ठरवता आपली रीत ठरून गेली.

तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं धड्यात 'यानी की' आणि 'मिसाल' यायचेच. पण मिसाली सगळ्या घरातल्या असायच्या. लुगडं 'पुट ऑन', विस्तव 'पुट आउट', पाऊस नाही म्हणून पेरणी 'पुट ऑफ'. 'पुट' म्हणजे ठेवणे एवढंच घोकून बसलात तर चुलीतला विस्तव काय फडताळात ठेवणार, असं तुम्ही म्हशीला दरडावून विचारलंत, तेव्हा आत्याबाईंना सुद्धा हसू आवरेना. ट्रक 'ब्रेक डाउन' होतो आणि पोराच्या मयतीला बापही 'ब्रेक डाउन' होतो, हे सांगताना मात्र तुमचा आवाज खाली गेला होता. पुस्तकात मेलेले हे शब्द माझ्या चुलीपुढं चालायला-फिरायला लागले.

गावाला मात्र एवढंच दिसत होतं, की मास्तर रोज तिन्हीसांजेला म्हशीला इंग्रजी शिकवतात. उन्हानं डोकं फिरलं, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. कुणीतरी तावीज धाडला. अर्ज लिहून घ्यायला येणारी माणसं दुसरीकडं जायला लागली. शेजारचे कोंडिबा तर येता-जाता विचारायचे, "मास्तर, म्हस पास हुईल का न्हाय औंदा?" एका वाक्यात तुम्हाला सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण मग सासरा सुनेशी बोलतो, असं म्हणत माझं नाव गावभर झालं असतं. म्हणून तुम्ही बोलला नाहीत. एकदा ओट्यापुढं जमून माणसं खदाखदा हसत होती, तेव्हा तुम्ही आवाज जराही न बदलता म्हणालात, "पुट अप विथ. यानी की सोसणं. मिसाल ज्याची त्यानं शोधावी." माझी भाकरी तव्यावर करपली. मिसाल तर ओट्यावरच बसली होती.

मी पास झाले त्या दिवशी तुम्ही दारातून म्हणालात, "आत सांगा, पेढे आणलेत." बस, एवढंच. त्या मॅट्रिकच्या जोरावर मला दूध सोसायटीत सचिवाची जागा मिळाली, चारचौघांत खुर्ची मिळाली. मामंजी, माहेरानं मला जन्म दिला, पण गावात मान वर करून चालायला तुम्ही शिकवलंत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, ते असेच अंगावर असू देत.

आता परवाची गोष्ट. सकाळी दूध मोजणं चालू होतं आणि कोंडिबांनी नव्या सुपरवायझरला तोच किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. सगळे हसले. हा किस्सा मी इतकी वर्षं ऐकत आले, पण परवा ऐकवेना. तुम्ही गावात नव्हता, म्हणून असेल. मी माप खाली ठेवलं आणि म्हटलं, "कोंडिबामामा, ती म्हस शिकत न्हवती, म्या शिकत होते. तुमच्या सोसायटीचं समदं इंग्रजी त्या ओट्यावरचं हाय."  बोलून गेल्यावर ध्यानात आलं, जी गोष्ट तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत ती मी न विचारता फोडली. संध्याकाळी कोंडिबा दारात उभे. बरोबर त्यांची धाकटी सून पुतळाबाई, तिचंही इंग्रजीच राहिलंय. म्हणाले, "मास्तर कवा येणार? माझं लई चुकलं म्हणावं. हिला बी शिकवा. पर म्हशीकडं तोंड करू नगा म्हणावं, पुढ्यात बसवा."

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून पत्र. आणि मागणं माझंही आहे. सोसायटी मला पुढच्या महिन्यात गुजरातला शिकायला धाडते आहे, तिथं सगळं इंग्रजीत. सुपरवायझर बोलताना 'टेक अप', 'फॉलो अप', 'टर्न अप' असं काय काय म्हणतात, त्यातलं निम्मं मला उमगत नाही. रेडिओवर फलंदाज 'रन आउट' होतो, तिथं तर तुमचं पाणीही चालत नाही. शब्द पुढं गेले, मी चुलीपाशीच राहिले. मला पुन्हा शिकवणी हवी आहे. पण आता भिंतीआडून पळी वाजवणार नाही, पुतळाबाईच्या शेजारी ओट्यावर बसणार आहे. आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बस की. निरोप पोचवून पोचवून मला बी कटाळा आलाय." तेव्हा लवकर या. चुकले तर रागवा, चारचौघांत रागवा. फक्त 'आत सांगा' म्हणू नका. मला नावानं हाक मारा, मामंजी. माझं नाव तुमच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

तुमचीच,
शिवकांता