शाल, श्रीफळ आणि तुमचा जावई

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली. एकदाही लिहावंसं वाटलं नाही. आज मात्र डोकं असं फिरलंय की तुम्हालाच ऐकवणार आहे.

आपल्या या अमेरिकन गावात पहिल्यांदाच कृष्णवर्णीय बाई महापौर झाली. आज तिचा शपथविधी होता. तिच्या म्हाताऱ्या आईने बायबल धरलं होतं. माझ्या शेजारी आंद्रे, तोही कृष्णवर्णीयच, ढसाढसा रडला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग आपलं महाराष्ट्र मंडळ आलं! शाल, श्रीफळ, पैठण्या, नथी. निवडणुकीत यांच्यापैकी एकाच्याही अंगणात तिच्या प्रचाराची पाटी नव्हती. 'ती आली तर शाळा बिघडतील' म्हणत होते. आता फोटोसाठी नुसती झुंबड. वैद्यकाकूंनी तर तिच्या आईची खुर्चीच बाजूला सरकवली. "वन मिनिट हं, आंटी!" किळस आली मला, बाबा.

तेवढ्यात तुमचे जिवलग मित्र सुधीरकाका आले. "अगं, जावईबापूंना पुढे उभं कर ना! फोटो एकदम इन्क्लुसिव्ह वाटेल यार."

जावईबापू? लग्नाच्या आदल्या आठवड्यात हेच तुम्हाला म्हणाले होते ना, "लग्नाला गेलास तर मंडळात तोंड कसं दाखवशील?" आणि तुम्ही ऐकलंत! लग्न ॲन आर्बरला, घरापासून पाऊण तासावर होतं. आई एकटी आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

शेवटी हॉस्पिटलात तुम्ही आंद्रेचा हात धरलात, मान्य. पण 'चुकलो' एवढं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

मी काकांना "नाही" म्हटलं. इतक्या मोठ्याने की सगळे वळून बघायला लागले. गाडीत रेवा म्हणाली, "मम्मा, व्हाय वेअर यू सो मीन? ही इज आजोबाज् फ्रेंड!"

लग्नाच्या अल्बममध्ये आजोबा का नाहीत, असं तिने विचारलं की मी सांगत आलेय, बीपी वाढलं होतं त्यांचं. आंद्रे ते ऐकून दर वेळी अल्बम मिटून ठेवतो. मंडळाने आज फोटोपुरता चेहरा लावला, मी तर वर्षानुवर्षं तुमच्या चेहऱ्याला रंग लावत बसलेय. माझीच मला शिसारी आली.

उद्या रेवाला खरं सांगणार आहे, आंद्रेच्या समोर. तुमच्यावर प्रेम करायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी तुमची बाजू घेणार नाही, बाबा. वचन देते.

तरीही तुमचीच,
वसू