बरणीवरचं फडकं

आई, तुझ्या त्या लाडकीनं यंदाही लोणच्याची बरणी पाठवली आहे. तोंडावर पांढरं फडकं आणि त्यावर सुतळीची तुझीच गाठ. ती गाठ बघितली की अजून माझ्या पोटात दुखतं. मला नातवंडं झाली, गुडघे गेले, पण हा मत्सर काही म्हातारा व्हायला तयार नाही.

कल्याणच्या त्या आश्रमाची तू व्यवस्थापिका, आणि शाळा सुटली की मी थेट तिथल्या स्वयंपाकघरात. कैरीच्या दिवसांत फेसलेली मोहरी नाकात झणझणायची. विधवा, टाकलेल्या, अनाथ अशा सगळ्याजणी विळ्यांवर फोडी करत बसलेल्या असायच्या. त्या तुला बाई म्हणायच्या आणि आश्रमात मीही बाईच म्हणायचं, अशी तुझी ताकीद होती. मला त्याचं काही वाटत नसे, कारण बरणी भरली की हाक मलाच यायची. मी फडकं ताणून धरते, तू सुतळी आवळतेस, तुझी हिंगाच्या वासाची बोटं माझ्या बोटांना लागतात. बाबा गेल्यापासून घरी तू दमून नुसती आडवी व्हायचीस. तुझा हात लागायचा तो तिथेच.

मग ठाण्याहून ते इन्कमटॅक्सचे साहेब आले. आश्रम धर्मादाय, म्हणून कर माफ होता. पण आपली लोणची आता ठाण्या-डोंबिवलीच्या दुकानांत जायला लागली होती आणि वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जाहिराती छापल्या जात होत्या. "देणग्यांचं ठीक आहे हो, बाई," साहेब म्हणाले, "पण विक्री म्हणजे धंदा. हे काम मुख्यत्वे आश्रमातल्याच बायका करत असतील आणि नफा आश्रमावरच खर्च होत असेल, तर माफी राहील. जाहिरातींचं तसं नाही. त्यांच्यावर कर लागेल." तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि ही?"

"ही माझी मुलगी."

"म्हणजे आश्रमातली नव्हे," ते हसत म्हणाले. तुझा चेहरा मात्र उतरला. माफी गेली असती तर त्या बायकांच्याच ताटातलं कमी झालं असतं, एवढं मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी हात धुऊन फडकं उचललं तर तू म्हणालीस, "तू नको हात लावूस."

"का गं?"

"तू आश्रमाची नाहीस. तू जाहिराती गोळा कर. नाहीतरी त्यांच्यावर कर भरायचाच आहे."

मग मी कल्याणच्या बाजारात दुकानोदुकानी हिंडले. छत्रीवाले म्हणाले, "अगं पोरी, गेल्या वर्षी तुमच्यात जाहिरात दिली, एक छत्री खपली नाही. बरं, घे लिहून, आईला नाही कसं म्हणू?" त्या आनंदात मी धावत आले आणि खिडकीशीच थांबले. माझ्याच वयाची ती अनाथ मुलगी, तुझी ही लाडकी, फडकं धरून उभी होती. "आई, अजून घट्ट," ती म्हणाली. बाई नाही, आई. आणि तू तिला टोकलं नाहीस. गाठ मारता मारता हसलीस.

पुढे एका वकिलांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मुख्यत्वे म्हणजे बहुतेक काम. एका मुलीनं फडकं धरल्यानं माफी जात नसते." साहेबांचा तो शब्द तूही ऐकला होतास ना गं? मग मला बाहेर काढलं ते कायद्यानं की तू? तू घाबरली होतीस, असं मी स्वतःला समजावते. समजूत पटते, जळणं थांबत नाही.

तू गेल्यावर हे पत्र पाठवायचं तरी कुठे, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. कारण त्या खिडकीशी मला काय वाटलं होतं ते तुला कळायला नको. वाटलं, आई मेली तर मीही अनाथ, मग मलाही आत घेतील. लगेच ध्यानात आलं, मग सुतळी बांधायला तूच नसशील. तरी घरी पोचेपर्यंत मी तो विचार सोडला नाही.