मादाम झोराची सिंह रास

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

लिफ्ट अजून बंद! आज एकोणीस दिवस झाले. खालचा स्लावोल्यूब, आमच्या इमारतीचा अध्यक्ष, म्हणतो पार्ट येतोय. कुठून येतोय विचारलं तर म्हणे, "येतोय हो." चालत येत असेल.

नववा मजला. एकशे बासष्ट पायऱ्या. माझा उजवा गुडघा नवा, दोन महिन्यांचा. डॉक्टर म्हणाले सपाटीवर चाला. आता सपाटी म्हणजे स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते संडास. खिडकीतून डॅन्यूब दिसते आणि बसचा स्टॉप दिसतो. नदी चालली, बस चालली, मी इथेच.

पण आज आनंद! दुन्या आली होती, माझ्या मुलाची, नेबोयशाची मुलगी, माझी एकुलती नात. एवढे जिने चढून आली, दारात धापा टाकत म्हणते, "आजी, तू राजकन्या आहेस का गं, मनोऱ्यात कोंडलेली?" म्हटलं हो, आणि राजपुत्र म्हणजे लिफ्टचा मेकॅनिक!

ती "पेताओ" या वर्तमानपत्रात लागलीय. आमचा पेताओ! नावात कोंबडा, डोक्यावर लाल कोंबडा असलेला, रोज सकाळी अख्ख्या देशाला ओरडून उठवणारा. तिथे मी सोळा वर्षं कॉफी केली. आता त्याला पंचवीस वर्षं होणार, त्याचा इतिहास पुस्तकात येणार आणि तो लिहायचं काम दुन्याकडे. म्हणाली, "संपादक बदलले, मालक बदलले, कॉफीवाली एकच होती. आठवेल ते लिही. चुका राहू देत."

मी चौथीपर्यंत शिकलेली! आणि माझ्याकडे इतिहास मागतात!

वह्या दोन आणल्या तिने, एकावर एक फुकट होती म्हणे. निळी तिची. त्यात इतिहास. ही लाल माझी. हिच्यात मी.

१० ऑक्टोबर

निळ्या वहीत चार पानं झाली. हात दुखतो पण मजा येते.

पेताओ सुरू झाला तो बंद पडलेल्या शिंप्यांच्या सोसायटीच्या दोन खोल्यांत. आठ माणसं, एक फोन, आणि कोपऱ्यात कपड्यांचे पुतळे तसेच. ग्वोझ्देन संपादक आणि मालकही. त्याने पुतळ्यांच्या गळ्यात पाट्या घातल्या: राजकारण, खेळ, गुन्हे. कोण कुठे बसतो ते कळावं म्हणून! पहिल्या अंकात कोंबडा उलटा छापला गेला, पाय वर. ग्वोझ्देन डोकं धरून बसला. आणि अंक दुपारपर्यंत संपला, लोकांना वाटलं यात काहीतरी गुप्त अर्थ आहे!

मला माणसं कॉफीवरून आठवतात. ग्वोझ्देन कडू, दोन घोटांत. गुन्ह्यांचा बातमीदार गोड, तीन चमचे, रोज मेलेली माणसं बघायचा बिचारा. नव्व्याण्णव साली बॉम्ब पडत होते त्या वसंतात वीज नसायची, तेव्हा मी स्पिरिटच्या शेगडीवर कॉफी केली आणि पेताओ चारच पानांचा निघायचा. मग सरकार पडलं. सकाळच्या अंकात एक, दुपारच्या अंकात बरोबर उलट. माणसं तीच, कॉफी तीच. ग्वोझ्देनला म्हटलं, "अहो, सकाळी तर तुम्ही..." तर म्हणाला, "स्तामेंका, साखर विसरलीस." तो तर कधीच साखर घ्यायचा नाही!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

स्लावोल्यूब वर आला. "घ्या शेजारीणबाई, तुमचा पाव आणि तुमचा कोंबडा." पहिल्या पानावर: युद्ध उद्या! हे उद्या मी वीस वर्षांत किती वेळा वाचलं असेल. माझा नवरा विटोमिर असता तर म्हणाला असता, चला, म्हणजे आज तरी कोबी आणता येईल.

दुन्याचा फोन आला. निळ्या वहीबद्दल नव्हे. विचारते, "आजी, मादाम झोरा कोण होती गं? ती भविष्यवाली? जुन्या लोकांत सगळे हसतात, सांगत कोणी नाही."

मी म्हटलं, "असेल कोणीतरी बाई."

फोन ठेवताना कॉफी सांडली.

१३ ऑक्टोबर

इथे लिहिते. इथे नाही तर कुठे.

मादाम झोरा मी होते.

खरी ज्योतिषी होती, ती पहिल्याच हिवाळ्यात पगार न मिळाल्याने गेली. मी तर सगळ्यांचे कप बघायचेच. कॉफी संपली की बशीत कप पालथा, आणि गाळाच्या नक्षीत काय दिसतं ते सांगायचं. आमच्याकडे कोणती बाई बघत नाही! ग्वोझ्देन म्हणाला, "आठांचं बघतेस तर बारांचं बघ." तेव्हापासून रोज दुपारी बारा कप पालथे घालायचे, बारा राशी. मी वेड्यावाकड्या अक्षरात लिहायची, टायपिस्ट मुलगी नीट करायची. फोटो ग्वोझ्देनच्या आत्याचा लावला, मोत्यांची माळ घातलेला.

घरी सांगितलं नाही. विटोमिर हसेल म्हणून. आणि मग काय झालं — तो सकाळी न्याहारीला पेताओ उघडून मोठ्याने वाचायचा! "बघ गं, झोरा काय म्हणते माझ्या सिंहाला." स्वयंपाकघराचा नळ तीन आठवडे गळत होता. मी जीभ झिजवली. मग एक दिवस सिंह राशीत लिहिलं: घरात पाणी वाया जात आहे, आजच लक्ष द्या. तो वाचून उठला आणि पाना घेऊन आला! हसू दाबता दाबता मला ठसका लागला. त्यानंतर बाल्कनीचा रंग. सासूबाईंशी अबोला. खानावळीतून लवकर परत येणं. सगळं झोराने करून घेतलं.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे.

२००२ साली त्याचा कारखाना बंद झाला. भाऊ ल्युबिशा ऑस्ट्रियात, लिंझला, गोदामात मुकादम. त्याने कागद केले, नोकरी ठरवली. "दादा, तू ये. दोन वर्षांत स्तामेंकाला आणि पोराच्या बिऱ्हाडाला बोलाव." बसचं तिकीट आलं. शनिवारी निघायचं होतं.

माझे बाबा म्युनिकला दोन वर्षांसाठी गेले होते. आईने अकरा वर्षं वाट पाहिली. दर नाताळला चॉकलेटचा डबा यायचा. मग डबाही थांबला.

मी लिहिलं: सिंह — परदेशचा रस्ता धरू नका. जो या आठवड्यात घर सोडेल त्याला परतल्यावर घर सापडणार नाही.

शुक्रवारी छापून आलं. त्याने वाचलं, मोठ्याने वाचलं नाही. पेपर घडी करून ठेवला. म्हणाला, "स्तामेंका, मी नाही जात."

मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करत राहिला, पाठ मोडेपर्यंत. नेबोयशा अजून म्हणतो, एका पेपरातल्या बाईने आमच्या बापाला इथे कोंडून ठेवलं, नाहीतर मी लिंझला इंजिनियर झालो असतो. घरच्या सणाला दरवर्षी हा किस्सा निघतो आणि सगळे हसतात. मीही हसते.

पेताओ सगळ्या देशाशी खोटं बोलला असेल. मी एकाच माणसाशी बोलले. चार वर्षं झाली त्याला जाऊन.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुन्या येऊन गेली. आनंदात! म्हणते, "बाबा म्हणाले, आजोबांनी जुने पेताओ तळघरात साठवलेत. ऑफिसात पहिल्या वर्षांचे अंकच नाहीत, पाण्याने गेले. आजी, किल्ली दे."

तळघरात! माझे झोराचे कागद तिथेच. टायपिस्ट परत द्यायची, मला फाडवेना. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून आयवारच्या, माझ्या भाजक्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांमागे ठेवलेत. बरण्यांचा कप्पा माझा, तिथे विटोमिर हात लावायचा नाही, फुटेल म्हणून. खाली आंबवायच्या कोबीचं पिंप, ते त्याचं. हिवाळाभर दर तिसऱ्या दिवशी खाली उतरून खारं पाणी काढून परत वरून ओतायचा. तासभर लागायचा. "एवढं काय करतोस?" "कोबीशी बोलतो. ती मध्ये बोलत नाही."

मी दुन्याला म्हटलं, किल्ली हरवली.

किल्ली ॲप्रनच्या खिशात होती. माझ्या मांडीला टोचत होती.

१६ ऑक्टोबर

स्लावोल्यूबकडून डबा मागवू का? तो उघडून बघणारच. मग आठव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळणार, नि नवव्याला मी.

मीच गेले पाहिजे. पण कशी?

१७ ऑक्टोबर

उतरले!

सकाळी, सगळे कामावर गेल्यावर. काठी, कठडा, एक पाय, मग दुसरा. आठव्यावर मजेत होते. सातव्यावर गुडघ्याने सांगितलं पुरे. पायरीवर बसले ती उठताच येईना. खाली जाता येईना, वर जाता येईना. चाळीस मिनिटं! भिंतीवर जळमटं, कोणाच्यातरी घरी पापरिका मिरच्या भाजत होते, वास येत होता आणि मला रडू येत होतं.

स्लावोल्यूब आणि सहाव्यावरचा विद्यार्थी आले. खुर्चीत बसवून वर नेलं.

"कुठे निघाला होतात, शेजारीणबाई?"

"तळघरात. आयवार आणायला."

"अहो, मला सांगायचं! कुलूप आहे ना? किल्ली हरवली म्हणत होती तुमची नात. मी कटरने तोडतो, शनिवारी ती येतेच आहे, दोघं मिळून सगळं वर आणतो!"

एवढा चांगला माणूस. मारावासा वाटला.

१९ ऑक्टोबर

झोप नाही. निळ्या वहीत आज नवा मालक लिहिला. तीन फोन, फेस काढलेली इन्स्टंट कॉफी, काचेची इमारत. तो आल्यावर तीस कूपनं कापून द्या नि टेबलक्लॉथ घ्या सुरू झालं. माझ्या टेबलावर आहे तो तोच. शेवटी कॉफीचं मशीन आणलं. लोकांनी माझ्यासाठी केक कापला. मशीनच्या कॉफीला गाळ नाही, मग कप काय पालथा घालणार, त्यामुळे झोराही त्याच दिवशी गेली. कोणी विचारलंसुद्धा नाही.

शनिवार परवा.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आणला.

आधी बरण्या, मग जुन्या अंकांचे गठ्ठे, आणि दुन्याच्या काखेत बिस्किटांचा डबा. स्लावोल्यूब पाणी पिऊन गेला. दुन्याने डबा उघडला. एक कागद वाचला, दुसरा वाचला. मग निळी वही उघडून शेजारी ठेवली. माझं अक्षर पंचवीस वर्षांत सुधारलेलं नाही.

"आजी. झोरा तू?"

मी सगळं सांगितलं. नळ सांगितला तेव्हा ती लोळून हसली. लिंझ सांगितलं तेव्हा हसू थांबलं.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"आजोबांना?"

"कसं असेल! तो तर विश्वास ठेवून बसला."

टेबलक्लॉथची झालर ओढत बसली. मग म्हणाली, "मला हे पुस्तकात हवं होतं गं. आता हवंय की नको, तेच कळेना. बाबांना मात्र तू सांगायचं. मी नाही."

जाताना गालाचा पापा घेतला. दोनच. आमच्यात तीन घेतात.

२२ ऑक्टोबर

नेबोयशाला फोन लावला. वाजायच्या आत ठेवला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

डबा रिकामा करायला घेतला, कागद जाळून टाकावे म्हणून. तळाशी एक पाकीट. माझं नव्हे. कोबीच्या पाण्याचा वास येतो त्याला.

आत त्या शुक्रवारचं कात्रण, १५ मार्च २००२, सिंह रास. आणि लिंझच्या तिकिटाची अर्धी चिठ्ठी, वर बस कंपनीचा शिक्का: परत घेतले, १२ मार्च. मंगळवार! कात्रणाच्या कडेला त्याची जाडी पेन्सिल —

"झोराबाई, उशीर केलात. तिकीट मी आधीच परत केलं. ल्युबिशाला काय सांगावं सुचत नव्हतं, ते तुम्ही छापून दिलंत. आभारी आहे. — सिंह"

दहा वेळा वाचलं. अकराव्यांदा नेबोयशाला फोनवर वाचून दाखवलं, आधी झोरा कोण ते सांगून. परत वाच म्हणाला, परत वाचलं.

आणि तो नळ! तीन आठवडे! मुद्दाम गळू दिला असणार मेल्याने, झोरा काय म्हणते ते बघायला!