उशीमागची बरणी

ती. वन्संना सुशीलाचा सदाशिव पेठेतून नमस्कार.

तुम्ही बद्रीनाथरावांच्या हाती गुपचूप धाडलेली लोणच्याची बरणी तुमच्या भावाच्या उशीमागे सापडली, म्हणून लिहावे लागते आहे.

पक्षाघातानंतर मिठाने रक्तदाब वाढला आणि दुसरा झटका आला तर मेंदूला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. बाकी काळजी नसावी. हे भाकरी, पालेभाजी आणि जवस मुकाट्याने खातात. मुकाट्यानेच, कारण कालपर्यंत वाचा आलेली नव्हती.

आज मी बरणी उचलताच स्पष्ट म्हणाले, "सुशीला, ताईचं आहे ते!" दोन महिन्यांत माझे नाव प्रथमच घेतले.

तुमचे गुडघे कसे आहेत?

बद्रीनाथरावांच्या हाती परत दिली: बरणी एक. आत एक फोड कमी आहे. ती मी धुऊन यांना दिली.

सुशीला