बाई, मला 'आहे' म्हणा

३ जून, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करणारे कार्यालय. माणसे साठ, बहुतेक जण घरूनच काम करतात. घरून कार्यालयाच्या संगणकात शिरण्याचा जो बंदिस्त रस्ता असतो, व्हीपीएन, त्याला आजवर फक्त पासवर्डचे कुलूप होते. मला दुसरे लावायचे आहे. पासवर्ड टाकला की ज्याचा त्याचा फोन वाजेल, नाव ऐकू येईल, मग 'हे तुम्हीच असाल तर एक दाबा' असे. एक दाबला तरच दार उघडेल. तीन आठवड्यांचे काम.

खिडकीजवळची जागा मिळाली. टेबलाचा खण अर्ध्यावर अडकतो, यंत्रातल्या चहाला साबणाची चव आहे, बाकी तक्रार नाही. साहेब म्हणाले, माणसे सोन्यासारखी आहेत, फक्त फॉर्म भरायचा त्यांना कंटाळा. सहा वाजता वसतिगृहात लेकीला फोन केला. तिने बजावले, आल्या आल्या कुणाला सुधारायला जाऊ नकोस.

५ जून, बुधवार

फोन क्रमांकाच्या फॉर्मसोबतची सूचना आज फलकावर लावली. ती आधी तीनदा परत आली होती, मुख्य मुद्रितशोधकाकडून. त्यांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात, तेही हौसेने ऐकून घेतात. दर बुधवारी लाल पेन्सिल खिशाला लावून येतात. माझ्या बारा ओळींत त्यांनी फलकावरच नऊ स्वल्पविराम घातले आणि वर ऐकवले, "माझा फोन माझा आहे, मॅडम. तुमच्या कुलपाच्या राखणीला तुम्हीच बसा." चारचौघांत. मी हसले. हसायला नको होते.

१० जून, सोमवार

फॉर्म आले. साठांपैकी एक्केचाळीस जणांनी स्वतःच्या फोनच्या रकान्यात एकच क्रमांक लिहिलाय. ९०९. कार्यालयातलाच, आतला.

साहेबांकडे गेले तर ते हसले. तो बाईंचा नंबर. बाई म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, जिन्याखालच्या काचेच्या केबिनमध्ये तीस वर्षे बसलेल्या. कुणाला उशीर झाला की तो वाटेतून फोन करायचा, "बाई, मला 'आहे' म्हणा." वरून विचारणा झाली की बाई सांगायच्या, आहेत, जागेवर आहेत. कुणाला नाही म्हटले नाही, कुठे आहात म्हणूनही कधी विचारले नाही. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. नंबर तेवढा लोकांच्या हातात बसून राहिला.

स्वतःचा फोन हाच तर पुरावा! सूचनेत मी ते अधोरेखित केले होते. माझेच लिहिणे चुकले का, म्हणून पुन्हा वाचून पाहिले. नाही चुकले. आणि साहेबांनी माझी वाट न पाहता यादी तशीच चढवून टाकलीये. चालू द्या, नंतर बघू, म्हणे. नंतर कोण बघणार? मीच.

१२ जून, बुधवार

आजची नोंद तपासली. ९०९ वर एक्केचाळीस फोन गेले. एक्केचाळीस उचलले गेले. दर वेळी दोन सेकंदांत एक दाबला.

किल्ली मागून केबिन उघडली. फोन टेबलावर आहे, त्याची तार त्यालाच गुंडाळलेली. भिंतीत कुठेही जोडलेली नाही.

पंपांच्या पुस्तिका करणाऱ्या भाषांतरकार बाईंना फोन लावला. इथे त्यांना पंपवाली म्हणतात. सकाळभर त्या दातांच्या डॉक्टरांकडे होत्या, संगणक उघडलाच नव्हता. पण त्यांच्या नावाने बारा पाने झाली आहेत. त्यांचीच भाषा, त्यांच्याच नेहमीच्या चुका. ऐकून त्या म्हणाल्या, मग बरंच झालं की. कुणी तुमच्या नावाने घरात शिरले, आणि बरंच झालं? फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

१३ जून, गुरुवार

ठरवले. ९०९ काढायचा. आधी एकावर करून पाहायचे, हा नियम. मी स्वल्पविरामांना निवडले. का? सोयीचे म्हणून, असे लिहिणार होते. खरे कारण राग. त्यांच्या नावापुढचा ९०९ खोडला, घरचा क्रमांक घातला, जतन केले.

पडद्यावर आले: असा वापरकर्ता नाही.

१४ जून, शुक्रवार

यादीत ते नाहीत. घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला, अगदी सौम्य आवाज. म्हणाल्या, चुकीचा नंबर लागला असेल, मी एकटीच राहते. लग्न नाही केलं मी.

साहेबांना विचारले. कोण स्वल्पविराम? इथे ज्याचे त्याने तपासायचे, पहिल्यापासून, असे उत्तर.

फलकावर माझी सूचना आहे. त्यावर नऊ लाल स्वल्पविराम आहेत. मी दोनदा मोजले.

मी काय केले?

१७ जून, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये गेले. तारेचे टोक हातात धरलेले असताना फोन वाजला. मी उचलला. पंपवालीचे नाव ऐकू आले, मग 'हे तुम्हीच असाल तर एक दाबा.' ती मी नव्हते. मी दाबला नाही. नियमाने बरोबर वागले. वीस वर्षे लोकांना हेच शिकवत आलेय, ओळख पटत नसेल तर दाबू नका.

तीन वाजता यादीत पंपवाली नव्हती. तिची बारा पानेही नव्हती. बरोबर वागले!

१८ जून, मंगळवार

माझ्यानंतर तो फोन कुणी उचलतच नाही. सकाळी नऊ ते दहा आठ वेळा वाजून थांबला. आठ नावे गेली. धावत खाली आले, तेव्हापासून इथेच. वाजला की उचलते, एक दाबते. कोण, कुठून, काही विचारत नाही. ज्या गोष्टीसाठी लोकांवर संतापत होते तीच मी करतेय, दोन सेकंदांत.

एकतीस उरलेत.

१९ जून, बुधवार

साहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, तुम्ही दमलात, उद्या घरी राहा. हजेरीची काळजी नको, तुमच्या नावापुढेही मी परवाच ९०९ घातलाय.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांवर. मूर्ख माणसा, म्हणाले. ते दुखावले. भल्यासाठीच केलं, म्हणाले. सगळे भल्यासाठीच करतात.

आता काढताही येत नाही. काढला की काय होते ते मला —

२० जून, गुरुवार

एकतीस. सगळ्यांना एक. बोट सुजलेय.

सहाला लेकीला फोन केला. ती चकित झाली. "आई, आत्ताच तर बोललो आपण. किती गोड बोलत होतीस आज."

मी गोड बोलत नाही. गेले दहा दिवस मी कुणाशी गोड —

कुणाशी बोललीस तू, विचारले. तुझ्याशीच, म्हणाली. मग हसून, बरं नाहीये का गं?

२१ जून, शुक्रवार

तीस झाले. एकतिसावा झाला. आता वाजायला नको —

वाजतोय.

माझे नाव. नीट, पूर्ण नाव. मी आत शिरलेली नाही. मी इथे बसलेय, माझा संगणक वर बंद आहे. काचेतून जिना दिसतो. वर माझ्या जागी उजेड आहे.

एक दाबला तर ती मी. नाही दाबला तर मी कुणीच नाही, आणि लेकीला आई —

उत्तरासाठी दहा सेकंद थांबते ते यंत्र. सांगून सांगून घसा बसला माझा, न बघता दाबू नका, आधी विचारा. विचारले. कोण आहे, म्हणून ओरडले.

आहे, म्हणाली. जागेवर आहे.

माझ्याच आवाजात. गोड.

सात. आठ. लेक सहाला फोनची वाट बघेल, कुणीतरी तिला करायला तर हवा, म्हणून मी ए