बाबांसाठी योहानबुटी

२१ जून
माझ्या पदवीचा कागद बैठकीच्या खोलीत लागला. घराण्यातला पहिला. खिळा बाबांनी ठोकला, मागे सरून पाहिलं, आणि पुन्हा परसातल्या शेडमध्ये जाऊन बसले. काचेचा कारखाना बंद झाल्यापासून हेच चाललंय. दाढी नाही, बोलणं नाही. दोन वर्षांपूर्वी आईने त्यांना स्वतःची किडनी दिली, ती काय अशा बसण्यासाठी? मानसोपचाराचं नाव काढलं की म्हणतात, मूठभर गोळ्या आधीच गिळतो, आणखी नकोत.
संकल्प : उन्हाळा संपायच्या आत बाबांना हसवायचं. गोळीशिवाय. माझा प्रबंधच जर्मनीतल्या आमच्या थुरिंगिया भागातल्या रानबुट्यांच्या परंपरेवर आहे. माझ्याहून योग्य माणूस कोण?

२३ जून
औषधांच्या दुकानात योहानबुटी मागितली. उदास मनावर शतकानुशतकं दिली जाते. काउंटरवरच्या बाईने विचारलं, कुणासाठी, आणि त्यांना दुसरी औषधं कोणती चालू आहेत. मी सांगितलं, याच विषयात माझं मास्टर्स झालंय. ती म्हणाली, छान, पण औषधं कोणती? अशा चौकशांनीच लोकांचा निसर्गावरचा विश्वास उडतो. काही न घेता निघाले.

२४ जून, दुपारी
संत योहानचा दिवस. बुटी खुडायची ती आजच, भर उन्हात. रुळांपलीकडच्या कुरणात पिवळी फुलं नुसती माजली आहेत. कळी चुरडली की बोटं लाल. टोपलीभर आणून माळ्यावर वाळत घातली. आईला सांगितलं, मनाला बरं वाटायचा चहा. ती बरं म्हणाली. आमच्याकडे पोटाला बडीशेपेचा, झोपेला कॅमोमाइलचा. चहाला औषध कुणी म्हणत नाही.

५ जुलै
सुरुवात केली. बाबांनी कप हुंगला आणि विचारलं, हे नक्की त्यांच्यासाठीच आहे ना, की शेजारच्या घोड्यासाठी. पण प्यायले. नुसता चहा मिळमिळीत पडेल म्हणून बुटीची पूड करून सकाळच्या चक्क्यातही कालवते.

२२ जुलै
गुण आला. बाबांनी आपणहून दाढी केली, चारच्या कॉफी-केकला अंगणात आले. आई त्यांना वाकून बसू नका म्हणून टोकत होती. ते म्हणाले, "रोसविता, तुझा एक तुकडा माझ्या पोटात बसवलाय. आता कटकट आतूनही ऐकू येते." आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.
जिंकले मी. बाबांची मान आणि हात भाजल्यासारखे लाल झालेत. उन्हाची सवय राहिली नाही, दुसरं काय.

३ ऑगस्ट
किडनीच्या डॉक्टर ब्रॉयटिगामबाईंचा फोन. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून जी गोळी आहे, तिची रक्तातली पातळी एकदम घसरलीय. गोळ्या चुकतात का? आणखी काही घेतात का? आई म्हणाली, काही नाही. खरंच आहे ते.
आई बाबांवर भडकली. ते शपथेवर सांगतात, एकही चुकवली नाही. उदास माणूस विसरतो, हे सर्वांना माहीत आहे. जेवणानंतर मी त्यांना शिस्तीवर चार गोष्टी सांगितल्या. मान खाली घालून ऐकत होते. डॉक्टरांनी त्या गोळीचा डोस वाढवलाय.

९ ऑगस्ट
कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून बाबा परत शेडमध्ये. मी पूड वाढवली.
आई गोळी दिल्यावर त्यांना लहान मुलासारखी जीभ दाखवायला लावते. तरी पातळी खालीच. लॅबचं मशीन बिघडलं असणार. खरमरीत पत्र लिहायचं आहे.

१३ ऑगस्ट
पत्र राहिलं. बाबांनी मोजे काढले तर घोट्यांवर खोल वळ. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. लघवीही कमी. सॉसेजमधल्या मिठाने असेल. सॉसेज बंद. बुटी चालू, निदान मन तरी सांभाळायला हवं.
मघाशी एक विचार आला. लिहून ठेवण्याइतका मोठा नाही.

१४ ऑगस्ट
औषधांच्या दुकानावरून जात होते. त्या बाईने काचेतून हात केला. मी रस्ता ओलांडला.

१९ ऑगस्ट
हॉस्पिटल. किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीर तिला नाकारतंय. ब्रॉयटिगामबाईंनी या वेळी वेगळं विचारलं : दिवसभरात काय काय खाता, काय काय पिता? बाबा म्हणाले, मुलगी मनासाठी चहा करते. कसला? मी नाव सांगितलं. लॅटिन नावही सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाल्या, ही बुटी खरंच काम करते, धोका तोच आहे. ती यकृताला इतर औषधं लवकर बाहेर टाकायला लावते. किडनीची, रक्त पातळ करणारी, गर्भनिरोधक सुद्धा. उदासीच्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी विचारायचं असतं.
बाबा मध्येच म्हणाले, "ती शिकलेली आहे हो. बघूनच दिलं असणार तिने."
आईचा हात तिच्या स्वतःच्या कुशीवरच्या व्रणावर होता.

२७ ऑगस्ट
किडनी वाचवायला दिलेल्या इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. सोमवारपासून डायलिसिस. आई माझ्याशी बोलत नाही, थकली असेल.
बाबांजवळ बसले. त्यांना समजावलं की परंपरा जुनी आहे आणि किडनी बदलणं अलीकडचं, त्यामुळे माझ्या अभ्यासाच्या कक्षेत ते येत नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरीणबाई फार बोलल्या का गं तुला?"
मी म्हटलं, नाही.
मग बरं, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.